बिग स्टारचं ‘सप्टेंबर गर्ल्स’ कधी हिट झालंच नाही, तरी जाणकार त्याला पॉवर पॉपचा (गोड चालीच्या, जोरकस गिटारच्या रॉकचा) कळस का म्हणतात?

हे गाणं माझ्याकडे चुकीच्या दारातून आलं. शाळेत असताना मामाने बँगल्स या मुलींच्या अमेरिकन बँडची ‘डिफरंट लाइट’ ही कॅसेट आणली होती. घरातल्या सगळ्यांना त्यातलं ‘वॉक लाइक अॅन इजिप्शियन’ हवं असायचं, मी मात्र बी साइडवरचं एक उदास पण लखलखीत गाणं रिवाइंड करकरून ऐकायचो. ते मूळचं दुसऱ्या कुणाचं आहे हे कळायला मला जवळजवळ दहा वर्षं लागली. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. हे गाणं रेडिओवरून पसरलं नाही, ते इतर गायक-वादकांच्या हातून पुढे गेलं.

बिग स्टार हा टेनेसीतल्या मेम्फिसचा बँड. ते जिथे रेकॉर्डिंग करायचे त्या आर्डंट स्टुडिओसमोरच्या किराणा सुपरमार्केटच्या पाटीवरून त्यांनी नाव उचललं. गायक अॅलेक्स चिल्टन सोळाव्या वर्षीच ‘द लेटर’ गाऊन बॉक्स टॉप्स या आधीच्या बँडबरोबर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला होता (१९६७). त्यामुळे त्याला यश नवं नव्हतं, पण बिग स्टारच्या वाट्याला ते आलं नाही. पहिला अल्बम १९७२ चा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरण सांभाळणाऱ्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडून रेकॉर्ड दुकानांत पोचलीच नाही. चिल्टनबरोबर गाणी लिहिणारा क्रिस बेल बँड सोडून गेला. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘रेडिओ सिटी’ आला, तोवर वितरणासाठी स्टॅक्सने कोलंबिया या मोठ्या कंपनीशी केलेला करारही भांडणात अडकला होता. ‘सप्टेंबर गर्ल्स’ याच अल्बममधलं. लोकांनी नाकारलं असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. नाकारायला आधी कानावर तरी पडायला हवं ना!

आता गाण्याबद्दल. जेमतेम पावणेतीन मिनिटांचं आहे. सुरुवातीलाच गिटार घंटेसारखी किणकिणते आणि वाटतं, चला, आनंदाचं गाणं आहे. मग चिल्टनचा आवाज येतो, बारीक, थोडा थकलेला, जणू सकाळी उठल्या उठल्या गायला बसलाय. प्रेम होतं, मिळालं नाही, आणि तक्रारही धड करता येत नाही, एवढाच विषय. शब्दांत डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाची कुचंबणा आहे आणि चिल्टन स्वतः २८ डिसेंबरचा. सूर उन्हातले आणि शब्द सावलीतले, हे पॉवर पॉपमध्ये पुढे शेकडो जणांनी करून पाहिलं. बहुतेकांचं एक पारडं जड होतं. इथे होत नाही, आणि माझ्या मते त्याचं श्रेय बँडचा ड्रमर जोडी स्टीफन्स याच्या ड्रम्सना आहे. ओळ संपता संपता तो असा काही धडधडत येतो की दुःख रेंगाळूच शकत नाही.

वारसा म्हणाल तर तो असा. १९७८ साली ब्रिटनमध्ये दोन्ही अल्बम एकत्र पुन्हा निघाले आणि तिथल्या पोरांच्या हाती लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिस बेल सत्ताविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला, त्याला यातलं फारसं काही पाहता आलं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. १९८६ मध्ये बँगल्सच्या मायकल स्टीलने ते गाणं गायलं आणि लाखो घरांत गेलं. १९८७ मध्ये रिप्लेसमेंट्स या अमेरिकन रॉक बँडने तर ‘अॅलेक्स चिल्टन’ नावाचंच गाणं केलं, तेही मेम्फिसला आर्डंटमध्येच जाऊन. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या एका गाण्यात खुद्द चिल्टन गिटार वाजवून गेला! ग्लासगोजवळच्या टीनेज फॅनक्लब या बँडचा १९९१ चा ‘बँडवॅगनेस्क’ हा अल्बम ऐका, बिग स्टारचं ऋण पहिल्या काही मिनिटांत कळतं.

एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. ‘गर्ल्स’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी मुद्दाम ‘यू’ आहे. १७ मार्च २०१० ला चिल्टन वारला. तीनच दिवसांनी ऑस्टिनला बिग स्टारचा कार्यक्रम ठरलेला होता, तो मित्रांनी त्याच्या आठवणीत केला. त्याच वर्षी मे महिन्यात केटी पेरीचं ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ आलं, तोच ‘यू’ घेऊन. तिचा मॅनेजर बिग स्टारचा चाहता होता, हा त्यांना केलेला सलाम. ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या जागी मूळ गाणं कधी पोचलं नाही तिथे त्याचं एक अक्षर तरी पोचलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ऐकायचं असेल तर माझ्यासारखा उलटा प्रवास करू नका. आधी ‘रेडिओ सिटी’मधलं मूळ गाणं, तेही हेडफोन लावून. बँगल्सचं नंतर. त्यांचं गाणं अधिक नीटनेटकं आहे, पण मूळ गाण्यात चिल्टनचा आवाज जिथे वरच्या सुरावर किंचित कापतो, ती जागा त्यात नाही.