सेल्फ-ड्रायव्हिंग गाड्यांची रेस आणि नेटवर्क मॉनिटरिंग, यात खरंच काही साम्य आहे का?

आहे की, आणि सगळ्यात मोठं साम्य म्हणजे खोटे अलार्म. २००४ ला अमेरिकेत मोहावी वाळवंटात डार्पाची (तिथल्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था) पहिली रेस झाली, साधारण २४० किमीची, एकही गाडी पोचली नाही, सगळ्यात पुढे गेलेली सँडस्टॉर्म नावाची गाडी १२ किमीच्या आतच अडकली. २००५ ला मात्र ५ गाड्या पोचल्या, पहिली स्टॅनफर्डची स्टॅनली.

स्टॅनलीच्या टपावर पुढचा रस्ता मोजणारे ५ लेझर होते, पण गाडी हिसका खाऊन जरा तिरकी झाली आणि सॉफ्टवेअरला तो अँगल थोडा जरी चुकीचा कळला की आत्ताचं आणि मगाचचं रीडिंग जुळायचं नाही, मग सपाट रस्त्यावर भुताटकीसारखा अडथळा उभा! उपाय काय, तर दोन रीडिंगमध्ये वेळेचं अंतर जितकं जास्त तितकी चुकीची शक्यता जास्त धरायची.

आता इथे पुण्यात खराडीत नेटवर्कवर नजर ठेवायच्या नाइट शिफ्टला बसा म्हणजे कळेल. दोन राउटरची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) सिंक नसली की लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, आधी परिणाम दिसतो आणि मग कारण, आणि पोरं तासभर भलत्याच लिंकच्या मागे. उलटंही होतं, प्रॉब्लेम खरा पण अलार्म नाही: एसएनएमपी (उपकरणांकडून आकडे मागवायची पद्धत) दर ५ मिनिटांनी पोल करतोय, म्हणजे आकडे विचारतोय, ग्राफवर ॲव्हरेज ३० टक्के, एकदम निवांत, आणि मधल्या २ सेकंदांत लिंक फुल होऊन पॅकेट (डेटाचे तुकडे) ड्रॉप झालेले असतात.

फरक एवढाच की गाडीला ब्रेक स्वतःच मारायचा असतो, आपल्याकडे अलर्ट ॲकनॉलेज करून चहाला जाता येतं (जाऊ नका, मॅनेजर बघतो).