टेकऑफला पायलट उडी का मारत नाही?

प्रश्न: आमचं लेकरू संभाजीनगरला एसपीआयत (सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था) आहे, एनडीएची तयारी चालूय, त्याला फायटरच पाहिजे. मागं बंगळूरला मिराज फायटर विमान पडलं ते त्याच्या आजीनं कुठंतरी ऐकलं न तेव्हापासून एकच धोशा, पायलटला पॅराशूट असतंय ना, मग विमान उठतानाच पडलं तर उडी मारून वाचता काऊन येत नाही? मला काही सांगता येईना.
— एक आई, जिंतूर

उत्तर: ताई, आजींनी नेमकं बोट ठेवलंय. पण तो ‘उडी’ शब्द आधी काढून टाका. फायटरमध्ये पायलट पायांमधलं हँडल ओढतो, वरची काच उडते आणि खुर्चीच त्याला घेऊन रॉकेटवर बाहेर जाते, दोन-तीन सेकंदात पॅराशूट उघडतं. झीरो-झीरो म्हणतात त्या सीटला, म्हणजे विमान जमिनीवर उभं असलं तरी माणूस वाचतो. गोम इथंच आहे, विमान सरळ पाहिजे! कुशीवर वळलेलं असलं तर खुर्ची आडवी सुटते, आणि खाली कोसळत असलं तर खुर्चीला पण तोच खालचा वेग लागलेला असतो. त्यात वर जेमतेम झाडाएवढी उंची. 1 फेब्रुवारी 2019 ला बंगळूरच्या एचएएल विमानतळावर मिराजचे दोन्ही पायलट खुर्चीसकट बाहेर पडले होते, तरी दोघंही गेले. (एएन-32 सारख्या मालवाहू विमानात तर ही खुर्चीच नसते, हे आजींना सध्या नका सांगू.)

मग ब्रेक का मारत नाहीत? तर एका ठरावीक वेगापर्यंतच थांबता येतं, त्यापुढं गेलं की उरलेला रनवे पुरत नाही, उडावंच लागतं. फायटर उठताना सेकंदाला 75-80 मीटर पळत असतं, विचार करायला टाइम कुठाय. आणि पुढं काही आडवं आलं तर काय होतं ते आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळानं बघितलंय. ते प्रवासी विमान होतं, 26 एप्रिल 1993, मुंबईला निघालेलं बोइंग 737, उठता उठता रनवेपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, तसंच पुढं जाऊन विजेच्या तारांना लागून पडलं. 55 माणसं गेली. एप्रिलचं दुपारचं ऊन, त्यात हवा विरळ होती, विमानाला उचल कमी मिळती आणि रनवे जास्त लागतो, हे आपल्याकडं लक्षात ठेवायचं.

पण दर वेळी खुर्ची ओढायची वेळ येत नाही. 27 जून 2019 ला अंबाल्याला टेकऑफ होताच जग्वार फायटरला पक्षी धडकला, पायलटनं जादाच्या इंधन टाक्या आणि सरावाचे बॉम्ब खाली सोडून दिले, विमान हलकं केलं आणि फिरवून सुखरूप उतरवलं. सगळं काही क्षणांत. एसपीआयमधनं पोरगं घरी आलं की आजींना हे त्याच्याच तोंडून ऐकवा, बंगळूरचं त्यांना पाठच आहे.