एट हंड्रेडची पुढची खडखड आणि गॅस शॉकअपचा मोह

प्रश्न: वडिलांची २००३ ची मारुती ८०० आहे, एमएच-१५ पासिंग, आरसी २०२८ पर्यंत रिन्यू केलेली आहे, त्यामुळे विकायचा विषय नाही. पावसाळ्यानंतर पुढून आवाज सुरू झाला. ब्रेक मारला की एकदा टक्, ब्रेक सोडला की परत टक्, आणि ब्रेकला गाडी थोडी डावीकडे ओढते. एका गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप बदलले, पैसे गेले, आवाज तिथेच. आता दुसरा म्हणतो गॅसचे शॉकअप, कडक स्प्रिंगा आणि पॉलीयुरेथेनचे बुश टाकू, गाडी नवीन होईल. टाकू का?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: थांबा जरा. पाकीट खिशात ठेवा. तुम्ही आवाज इतका नीट सांगितलाय की गाडी न बघता पण माझा पहिला संशय जंपिंग रॉडच्या बुशवर (रॉडच्या टोकाला बसणाऱ्या रबरी गादीवर) जातो, शॉकअपवर नाही. शॉकअप गेलं की गाडी खड्ड्यातून निघाल्यावर डुलत राहते, बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन गप्प बसली तर शॉकअप ठीक. ब्रेकला टक् आणि सोडल्यावर टक् म्हणजे चाकच थोडंसं मागेपुढे सरकतंय.

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण इथेच बहुतेक मिस्त्री गडबड करतात. एट हंड्रेडला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअपच्या नळकांड्यावरच स्प्रिंग बसवलेली, आणि खाली लोअर आर्म. पण हा आर्म मोठ्या गाड्यांसारखा तिकोनी नाही, नुसता एक आडवा दांडा आहे. तो चाकाला आतबाहेर धरतो, मागेपुढे धरायचं काम जंपिंग रॉड करतो. म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून जो रॉड असतो तोच इथे दुहेरी नोकरी करतो. त्याचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्ही बाजूला रबरी बुश, वॉशर, नट आणि स्प्लिट पिन. एका बाजूचं रबर संपलं की त्या बाजूचं चाक ब्रेकला सरकतं आणि गाडी ओढते.

खात्री करायला गाडी सपाट जागेवर घ्या, एकाला आत बसवून ब्रेक दाबत-सोडत राहायला सांगा, इंजिन चालू, गाडी अगदी हातभर पुढेमागे, आणि तुम्ही बाजूला उभं राहून (समोर नाही) टायर आणि मडगार्डमधली फट बघा. नंतर जॅकवर घेऊन चाक वरून आणि खालून धरून हलवा, खेळ असेल तर ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. खेळ गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावीउजवीकडून धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगचे सांधे.

माझ्या जुन्या एट हंड्रेडचे बुश काढले तेव्हा हातात आलं ते रबर नव्हतंच, शिळ्या चिक्कीसारखा चुरा होता आणि गोल भोकाचं अंड्यासारखं लांबट झालेलं. तेव्हा रॉडचं टोक पण बघा, जिथे बुश बसतो तिथे झिजून मान बारीक झाली असेल तर नवीन बुश पण महिन्यात ढिला होणार, रॉडच बदला. वेल्डिंग करून भरू नका, कोणी कितीही छातीठोकपणे सांगू देत.

माझी यादी सरळ आहे. जंपिंग रॉडचे सगळे बुश, लोअर आर्म बॉल जॉइंटसकट दोन्ही बाजूचे, शॉकअपचं वरचं माउंटिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर. सगळं साध्या रबराचं, चांगल्या कंपनीचं. शॉकअप नवेच आहेत ते राहू द्या. माउंटिंगसाठी स्ट्रट उघडावाच लागेल, तेव्हा स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा मधला नट कोणालाही ढिला करू देऊ नका, दाबलेली स्प्रिंग तोंडावर आली तर दात राहत नाहीत.

आणि आता ती गोष्ट जी मी स्वतः शेण खाऊन शिकलोय. गंगापूर रोडला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन रविवार घालवून मी सगळं बसवलं, गाडी जॅकवर असतानाच सगळे नट कचकचून आवळले, खुशीत कसारा घाट उतरून मुंबई करून आलो आणि दोन महिन्यांत आर्मचे आतले बुश फाटले. रबराचा बुश फिरत नाही, पिळतो. चाक लटकलेलं असताना आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो. म्हणून नट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, वजन येऊ द्या, मग शेवटचं आवळणं. खाली शिरायला जागा नसेल तर पिटवाल्याकडे जा. स्प्लिट पिन नवीनच टाका. नंतर अलाइनमेंट, एट हंड्रेडला पुढे फक्त टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत तो कोन) सेट होतो, कॅम्बर-कॅस्टरचे पैसे कोणी मागितले तर हसून निघून या.

अपग्रेडचं म्हणाल तर गॅसचे शॉकअप वाईट नाहीत, हे शॉकअप संपले की टाका, त्र्यंबक रोडला वेगात गाडी जरा बसून चालते. पॉलीयुरेथेन मात्र रॉडच्या टोकाला नको. तोच चाकाला धरतो म्हटल्यावर रस्त्याचा प्रत्येक खडा स्टेअरिंगमध्ये येणार आणि चूंचूं आवाज वेगळा. कडक स्प्रिंगा साडेसहाशे किलोच्या गाडीला? नको हो. गाडी उडेल नुसती.

प्रश्न: झेन खाली बसवायला स्प्रिंगचा एक वेटोळा कापून घेतला, आता मोठ्या खड्ड्यात खण्णकन आवाज येतो.
(सिडको)

उत्तर: येणारच. कापलेली स्प्रिंग आखूड, चाक खाली लटकलं की ती आपल्या जागेवर ढिली होते, परत दाबली की आपटते. सिडकोतले स्पीड ब्रेकर बघता खालचं पण घासत असेल. शिवाय मूळ रचनेत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, रिन्यूअलला आरटीओत गाडी नेली की इन्स्पेक्टरला दिसेल. नव्या स्प्रिंगा घ्या, दोन्ही बाजूच्या एकदम, आणि वरचं माउंटिंग पण बघून घ्या, आपटून आपटून ते गेलं असेल.