टेकडीचं मोल, किंमत की मूल्य?

प्रश्न असा आहे : वेताळ टेकडीच्या जैवविविधतेला पुणेकर किती महत्त्व देतात, हे सर्वेक्षणातून काढायचं आहे. मराठी प्रश्नावलीच्या मथळ्यात 'जैवविविधतेची किंमत मोजणे' लिहावं की 'मूल्यमापन'? आणि 'विलिंगनेस टू पे'ला 'पैसे देण्याची इच्छा' चालेल का?

'किंमत मोजणे' टाळाच. मराठीत मोजणे म्हणजे मापणं आणि पैसे चुकते करणंही. शिवाय 'चुकीची किंमत मोजावी लागली' म्हटलं की भोगणं आलं. मथळा वाचूनच माणूस बिचकेल. 'मूल्यमापन' शाळेत रुळलेला शब्द आहे : मूल कुठवर आलं ते पाहणं. टेकडीचं मूल्यमापन म्हणजे तिथे किती जाती उरल्या, गवताळ माळ किती टिकला, हे तपासणं. ते वनस्पती-पक्षी अभ्यासकांचं काम. तुम्हाला हवं ते 'मूल्यांकन', जसं घराचं किंवा गहाण ठेवलेल्या सोन्याचं करतात.

प्रश्नांच्या आत मात्र नुसतं 'मूल्य' नको. जीवनमूल्यं, मूल्यशिक्षण कानात असल्यामुळे 'निसर्ग हे मोठंच मूल्य आहे' असं सगळेच म्हणतील आणि हाती काही लागणार नाही. तिथे 'मोल' वापरा. 'मूल्य'च प्राकृतातून 'मोल्ल' होऊन 'मोल' झालं. मोलमजुरीत पैसा आहे, मोलाच्या सल्ल्यात आदर आहे. या सर्वेक्षणाला दोन्ही छटा एकत्र हव्या असतात, आणि इतका नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे याचा मला फार आनंद वाटतो.

'इच्छा' चालणार नाही. इच्छेला खर्च नसतो. 'तयारी'त ऐपत धरलेली असते. म्हणून 'देण्याची तयारी'. तिचा जोडीदार 'घेण्याची तयारी', म्हणजे टेकडी गेली तर किती भरपाईवर समाधान मानाल. या दोन प्रश्नांचे आकडे जुळत नाहीत, भरपाईचा बहुधा बराच मोठा येतो. अलास्कातल्या 1989च्या तेलगळतीनंतर केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीने 1993 साली अशा सर्वेक्षणांत देण्याची तयारीच विचारा, तीही सार्वमतासारखी हो-नाहीत, असं सुचवलं होतं.

आता पैसे कशातून? 'वर्गणी' लिहिलंत तर डोळ्यांपुढे मंडळाचं पावतीपुस्तक येतं. वर्गणी ऐच्छिक असते; प्रत्यक्ष द्यायची वेळ येणारच नाही असं वाटून माणूस मोठा आकडा सांगतो, किंवा बाकीचे देतील म्हणून छोटा. 'मिळकतकरातली वाढ' म्हटलं की उत्तर सावध येतं, कारण कर चुकवता येत नाही. मात्र भाड्याने राहणारे मिळकतकर भरत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी सोय हवी.

सगळ्यात फसवा शब्द आहे 'तुम्ही'. तो आदरार्थी एकवचनही आहे आणि अनेकवचनही. 'तुम्ही किती द्याल?' याला एक जण स्वतःपुरतं उत्तर देईल, दुसरा घरच्या पाच जणांचं. दोघांचे आकडे एकाच रकान्यात गेले की सरासरीला अर्थ उरत नाही. 'वर्षाला' लिहायचं राहून गेलं तर कोणी महिन्याचा हिशेब धरतो. म्हणून वाक्य असं करा :

'टेकडी जपण्याच्या या योजनेसाठी तुमच्या घराला मिळून मिळकतकर दर वर्षी 300 रुपयांनी वाढणार असेल, तर तुम्ही योजनेच्या बाजूने मत द्याल की विरोधात?'

रक्कम प्रत्येकाला वेगळी द्या : कोणाला 100, कोणाला 300, 600, 1200, कोणाला कुठली ते चिठ्ठीने ठरवा. प्रश्नाआधी, हे पैसे घरखर्चातूनच जाणार आणि शहरात इतर टेकड्याही आहेत, याची आठवण द्या.

'जैवविविधता' शब्द तसाच ठेवा, पण समजावून. पुण्यात तो ऐकून अनेकांना बीडीपीचं, म्हणजे टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आणि बांधकामाचा वाद आठवतो; बाकीच्यांना 'हिरवाई'. हिरवाई वेगळी. मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाच्या झाडीनेही टेकडी हिरवी दिसते, पण तिच्याखाली चंडोल पक्ष्याला लागणारा उघडा माळ उरत नाही. 'हिरवाईसाठी किती' विचारून उत्तर जैवविविधतेच्या नावावर मांडणं ही मोठी चूक. माळाचा आणि झाडीचा फोटो शेजारी शेजारी दाखवा.

आकडा कशाचा आहे हेही तपासा. अमेरिकेत एका अभ्यासात पाणपक्षी वाचवण्यासाठी किती द्याल असं विचारलं. 2,000 पक्ष्यांसाठी सरासरी 80 डॉलर, 20,000साठी 78 आणि 2,00,000साठी 88! लोकांनी बहुधा पक्ष्यांचं नव्हे, चांगल्या कामाला हातभार लावल्याच्या समाधानाचं मोल सांगितलं होतं. म्हणून निम्म्यांना टेकडीचा एक उतार आणि निम्म्यांना सगळी टेकडी विचारा. उत्तर हललं नाही, तर आकडा वापरू नका.

शेवटी 'विरोधात' म्हणणाऱ्याला 'का?' विचारायलाच हवं. 'परवडत नाही' आणि 'मला टेकडीचं काही नाही' ही खरी उत्तरं आहेत, ती हिशेबात धरा. 'कर आधीच भरतो, हे महापालिकेनेच करावं' हा निषेध आहे. त्या माणसाला टेकडी मोलाची नाही, असा अर्थ काढू नका. त्याची नोंद 'निषेध' अशा वेगळ्या रकान्यात करा.