धोरण तिघांचं, अंमल कोणाचा?

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमचं जुनं घर आहे. दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा विचार आहे. महाराष्ट्र, गोवा आणि केरळ, तिघांकडेही पर्यटन धोरण आहे. मग प्रत्यक्षात इतका फरक का पडतो?

उत्तर : धोरणामागे काय उभं आहे, कायदा की नुसता शासन निर्णय, हे आधी पाहा. गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा 1982 पासून आहे. तिथे पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर नोंदणी सक्तीची, न केल्यास दंड. म्हणजे खात्याच्या हातात अधिकार आहे. आपल्याकडची निवास व न्याहारी योजना सवलतींच्या आधारावर चालते, आणि त्या सवलती बहुधा दुसऱ्याच खात्याने द्यायच्या असतात. घोडं अडतं ते इथे.

विजेचंच घ्या. दर ठरवतो वीज नियामक आयोग, बिल काढतं महावितरण. पर्यटन खात्याचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून मीटरची वर्गवारी, म्हणजे घरगुती दर की व्यावसायिक, आपोआप ठरत नाही. प्रमाणपत्राची प्रत जोडून महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तपासणीत वापर मंजूर कारणाबाहेरचा ठरला, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. दुसरी अडचण खास कोकणातली : घर सामाईक असतं, असेसमेंट उताऱ्यावर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, आजोबांचं नाव आणि वारस मुंबईत. त्यांची संमतीपत्रं आधी गोळा करा, मगच ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागा. एका चुलत्याची हरकत आली की प्रकरण तिथेच पडून राहतं.

केरळचं बळ दंडात नाही. घरगुती निवासांना तिथे डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशा श्रेणी आहेत, पण शिकण्यासारखं आहे ते तिथल्या कुमारकोम गावाचं काम. 2008 च्या सुमारास तिथे जबाबदार पर्यटनाचा, म्हणजे पर्यटनाचा फायदा गावालाही मिळावा असा, प्रयोग सुरू झाला. हॉटेलांनी भाजी गावातूनच घ्यायची असं ठरलं, पण सुरुवातीला गाडी रुळावर येईना. हॉटेलला रोज ठरलेलं वजन आणि एकसारखा माल हवा, गावाकडे मात्र आज भरपूर तर उद्या काहीच नाही. मग पंचायतीच्या पुढाकाराने दर समिती आणि दर्जा समिती बसली, पडीक जमिनीवर कुटुंबश्री या केरळच्या बचत गट योजनेतल्या महिला गटांनी लागवड केली आणि माल गोळा करून हॉटेलांना पोचवायला ‘समृद्धी’ नावाचं केंद्र उभं राहिलं. खरेदीदार, दर आणि वाहतूक, तिन्ही आधी बांधून घेतलं. आपल्या धोरणांत ‘स्थानिकांना रोजगार’ हे शब्द असतात, ही मधली साखळी क्वचितच असते. मला हा फरक सर्वांत मोठा वाटतो.

प्रश्न : गोव्यासारखे शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती खाण्यापिण्याची ठिकाणं, आमच्या किनाऱ्यावर का दिसत नाहीत?

उत्तर : महाराष्ट्राचं शॅक धोरण 2020 मध्ये आलं, आठ किनाऱ्यांपुरतं. सिंधुदुर्गातले त्यातले दोन, कुणकेश्वर आणि तारकर्ली. 80 टक्के शॅक स्थानिकांसाठी राखीव. गोव्यात मात्र वाटप, सोडत आणि पावसाळ्यापूर्वी शॅक उतरवणं हे चक्र कित्येक वर्षं मुरलेलं आहे. अर्ज करण्याआधी तुमचा किनारा यादीत आहे का ते पाहा, आणि भरतीरेषेचा अधिकृत नकाशा मागून घ्या. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार तात्पुरती सोयही भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला किमान 10 मीटर असावी लागते. अरुंद पुळणीवर तेवढी जागाच उरत नाही.