जुन्या क्लासिक गाडीत आधुनिक इंजिन घरच्या घरी बसवता येईल का? किती हॉर्सपॉवरपर्यंतचं झेपेल?

बसवता येईल. वेल्डिंग येतं, गॅरेज रिकामं आहे, चेन पुली आहे आणि घाई नाही असं तुम्ही लिहिलंय. त्यातली 'घाई नाही' ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. गाडी साठच्या दशकातली, कार्ब्युरेटरवाली, मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली. तिच्यात अपघातात गेलेल्या एखाद्या नव्या गाडीचं फ्युएल इंजेक्शन इंजिन टाकायचंय. पण हॉर्सपॉवरचा आकडा आत्ता बाजूला ठेवा. सुरुवात चेंबरपासून करा.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑइलचा डबा. त्याचा खोल भाग काही इंजिनांत पुढे असतो, काहींत मागे. तुमच्या गाडीचा पुढचा क्रॉस मेंबर (चासीच्या दोन्ही बाजू जोडणारा आडवा दांडा) आणि स्टिअरिंगचे दांडे नेमके कुठून जातात ते खाली शिरून बघा आणि कागदावर उतरवा. क्रॉस मेंबर पुढे आणि इंजिनाचा खोल भागही पुढेच, अशी गाठ पडली की दोनच वाटा उरतात. एक तर इंजिन उंच बसवायचं, मग बॉनेट बंद होत नाही. नाहीतर चेंबर कापून नवा बनवायचा. नवा बनवला की आतली ऑइल ओढणारी नळी हलवावी लागते, ऑइलची क्षमता कमी होऊ द्यायची नसते आणि वळणावर ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून आत पडदे घालावे लागतात. हे सगळं जमतं, पण ते आधी माहीत असावं, इंजिन घरी आणून ठेवल्यावर नव्हे. चेंबरनंतर लांबी: पुढच्या पुलीपासून बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाच्या) तोंडापर्यंत. मग उंची. मग एक्झॉस्ट कोणत्या बाजूला निघतो आणि तुमचा स्टिअरिंगचा दांडा कोणत्या बाजूला आहे. दोन्ही एकाच बाजूला आले तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारे पाइप) स्वतः बनवायची तयारी ठेवा.

जागेचं हे गणित कारखान्यांनाही टाळता आलेलं नाही. १९६४ साली आलेल्या सनबीम टायगरमध्ये सनबीमच्याच छोट्या अल्पाइन गाडीच्या बॉडीत फोर्डचं सव्वाचार लिटरचं व्ही-एट कोंबलं होतं. ते इतकं घट्ट बसलं की मागचा एक स्पार्क प्लग बॉनेटकडून धडपणे हाताला लागेना. म्हणून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) भोक ठेवून त्यावर रबरी बूच लावलं गेलं. प्लग बदलायचा तर गाडीच्या आत बसून. उलट उदाहरण एमजीबीचं, म्हणजे एमजी कंपनीच्या स्पोर्ट्स कारचं. केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने तिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट बसवून गाड्या विकायला सुरुवात केली, आणि १९७३ मध्ये खुद्द एमजीने तशीच गाडी बाजारात आणली. ते का जमलं? ते व्ही-एट ॲल्युमिनियमचं होतं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन मूळच्या लोखंडी चार सिलिंडरच्या जवळपास. पुढच्या स्प्रिंगांवर आणि वळणाच्या स्वभावावर फार ताण आला नाही. तुमच्या निवडीतही हाच निकष लावा. मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढाल तेव्हा दोन्ही तोलून ठेवा.

आता कोणतं इंजिन. मी नेहमी सांगतो की इंजिन शोधू नका, अख्खी गाडी शोधा. मागून ठोकलेली, पण पुढचं सगळं शाबूत असलेली. सुटं इंजिन स्वस्त दिसतं. मग ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वेगळा, वायरिंग वेगळं, किल्ली नाही, ॲक्सिलरेटरचं पेडल नाही, एखादा सेन्सर तुटलेला, ब्रॅकेट तर कोणी देतच नाही. अख्खी गाडी असली की ती चालू स्थितीत ऐकता येते, आणि काम संपेपर्यंत 'हे मुळात कसं लावलं होतं' याचं उत्तर अंगणात उभं असतं.

शक्यतो असं इंजिन घ्या जे मुळात लांबीच्या दिशेने, मागच्या चाकांसाठी बसवलं होतं, आणि त्याचाच गिअरबॉक्स सोबत घ्या. पुढच्या चाकांच्या गाड्यांतली आडवी इंजिनं मुबलक मिळतात, चांगलीही असतात. पण ती उभी फिरवली की पाण्याचे पाइप फायरवॉलला टेकतात, इनटेक भलत्या बाजूला येतो, आणि मागे लावायला गिअरबॉक्स नसतो. याला काही सुखद अपवाद आहेत. फोर्डचं झेटेक आडवंच यायचं, पण त्याच्या बेल हाउसिंगचे बोल्ट फोर्डच्याच जुन्या केंट इंजिनाच्या गिअरबॉक्सशी जुळतात, म्हणून जुन्या फोर्ड एस्कॉर्टवाल्यांचं ते लाडकं. माझ्दा एमएक्स-५ चं इंजिन लांबीच्या दिशेने आणि आटोपशीर आहे, पण त्यातही एक मेख आहे: तिचा गिअरबॉक्स मागे नेहमीच्या रबरी फाउंडेशनवर (रबरी टेकूवर) टेकत नाही. एका लांब चौकटीने तो थेट डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) जोडलेला असतो. दुसऱ्या गाडीत नेताना मागचा आधार तुम्हालाच बनवावा लागतो. 'काही कापावं लागत नाही, सरळ बसतं' असं कोणी म्हणालं की मी त्याला गाडीखालचे फोटो मागतो.

जुनाच गिअरबॉक्स ठेवून मध्ये ॲडॅप्टर प्लेट घालायची असेल, तर प्लेट डोळ्याच्या अंदाजाने भोकं पाडून बनवू नका. क्रँकशाफ्टचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवा. सर्वसाधारण मर्यादा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. ती डायल गेजने तपासतात. एवढ्याशा फरकाने सुरुवातीला काहीच जाणवत नाही, नंतर क्लच अडखळतो आणि बेअरिंगं जातात.

इंजिन जागेवर धरून बघताना गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी हवी, स्टिअरिंग आणि ब्रेकचे पाइप लावलेले हवेत. रिकाम्या सांगाड्यात तर काहीही बसतं. गिअरबॉक्स जोडूनच आत सोडा, खाली लाकडाचे ठोकळे द्या, आणि इंजिनाच्या वरच्या टोकांवर मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे चिकटवून बॉनेट हळूच लावा. गोळा किती दबला त्यावरून जागा कळते. इंजिन रबरी फाउंडेशनवर डुलतं, तेव्हा चोहीकडे दोन-अडीच सेंटिमीटर मोकळं सोडा. फाउंडेशनचे ब्रॅकेट आधी फक्त टाचा, सगळं पुन्हा मोजा, मग इंजिन बाहेर काढून पक्कं वेल्डिंग करा. त्याआधी बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्शन सोडा आणि पेट्रोलची टाकी गॅरेजबाहेर ठेवा.

याच टप्प्यावर शाफ्टचे कोनही ठरतात, आणि लोक इथेच घाई करतात. एकसंध प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) असेल तर क्रँकची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची (शाफ्ट जोडला जातो त्या गिअरची) रेषा एकमेकींना समांतर हव्यात, आणि दोन्ही टोकांच्या जॉइंट क्रॉसवर (वळू शकणाऱ्या सांध्यावर) एक ते तीन अंशांचा कोन. पूर्ण शून्यही नको, कारण मग आतले सुईसारखे रोलर फिरतच नाहीत, एकाच जागी ठोकले जाऊन खड्डे पडतात. रेषा समांतर नसल्या तर ठरावीक वेगाला अख्खी गाडी थरथरते आणि माणूस महिनोन्महिने चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो.

आता वायरिंग. खरा वेळ इथेच जातो. जुन्या गाडीत इंजिन चालायला एक कॉइल, पॉइंट आणि एक वायर पुरे होती. नव्या इंजिनाचा ईसीयू हा संशयी प्राणी आहे: किल्लीतली चिप ओळखीची आहे का, पेडलचे दोन्ही सेन्सर एकच सांगतायत का, काही गाड्यांत एबीएस आणि डॅशबोर्डही जागेवर आहेत का, हे सगळं तो विचारतो. उत्तर पटलं नाही तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं किंवा अमुक आरपीएमच्या पुढे जात नाही. दोन मार्ग आहेत. पहिला, मूळ ईसीयू, इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा भाग), किल्ली, पेडल आणि इंजिनाचं वायरिंग जसंच्या तसं आणायचं आणि त्या मॉडेलच्या सर्किट डायग्रामवरून एकेक वायर तपासून नको तेवढं काढायचं. दुसरा, मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू लावायचा. त्याला किल्ली-डॅशबोर्डशी देणंघेणं नसतं, पण मग पेट्रोल आणि स्पार्कचा नकाशा तुम्हाला भरावा लागतो, त्यासाठी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागतो आणि ट्यूनिंग जाणणारा माणूस लागतो. पहिल्यांदाच करताय तर मी पहिला मार्ग सुचवेन, तोही थोडा जुना, केबलचा थ्रॉटल असलेला दाता, म्हणजे इंजिन देणारी गाडी, निवडून. नव्या गाड्यांत जितकं पुढे जाल तितकं इंजिन बाकीच्या गाडीपासून सोडवणं अवघड होत जातं.

तुमची गाडी त्या काळातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांसारखी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) असेल, तर आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्या. डायनामोच्या जागी अल्टरनेटर येईलच. इंजिनापासून बॉडीला आणि बॅटरीला जाड अर्थ वायर द्या. विचित्र, मधूनच येणाऱ्या तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थमध्येच सापडलंय.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र जराही तडजोड नको. कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.३५ बार दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण ३ ते ४ बार लागतो, म्हणजे दहापट किंवा त्याहून जास्त. जुना होज तो दाब सोसत नाही. फाटला तर गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा. इंजेक्शनसाठीचाच होज, त्याचेच क्लॅम्प, आणि टाकीकडे परत जाणारी लाइन लागत असेल तर तीही नवी. जुन्या टाकीत पडदे नसतात, म्हणून टाकी अर्धी असताना वळणावर पंप हवा ओढतो आणि इंजिन गचके खातं. यावर उपाय म्हणजे मध्ये एक छोटी टाकी, जी कायम भरलेली राहते, आणि मुख्य पंप तिच्यातून ओढतो. अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विचही लावा. जुन्या टाकीतला गंज इंजेक्टरला मारतो, तेव्हा टाकी धुऊन चांगला फिल्टर.

कूलिंगमध्ये एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. बऱ्याच नव्या इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला असतो आणि इंजिनाचं गरम पाणी त्याच्यापर्यंत हीटरच्या फेऱ्यातून पोचतं. जुन्या गाडीत हीटर नाही म्हणून ते दोन पाइप बुजवले, तर थर्मोस्टॅटला इंजिन तापल्याचं कळतच नाही. पाइप बुजवू नका, एकमेकांना जोडा. शिवाय जुन्या गाड्यांचं नाक खाली असतं, त्यामुळे रेडिएटर इंजिनापेक्षा खाली येतो आणि हवा इंजिनात वर अडकते. एक्स्पान्शन बाटली सगळ्यात उंच जागी लावली की हा त्रास बराच टळतो.

मागच्या ॲक्सलचं सोपं गणित करून बघा. समजा रेशो ४.१ आहे (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे) आणि टायरचा घेर १.९ मीटर. डायरेक्ट टॉप गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे ३,६०० फेरे घेतं. नव्या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.८ चा असेल तर तेच २,९०० च्या खाली येतं. माझ्या मते अशा बदलाचं खरं सुख इथे आहे, शंभर जास्तीच्या हॉर्सपॉवरमध्ये नाही. आणि म्हणूनच तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: मूळच्या दीडपट ताकदीपर्यंत थांबा. त्यापुढे हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांकडे जाणारे दांडे), डिफरन्शियल आणि मग बॉडी, सगळंच बदलत जावं लागतं.

ब्रेक मात्र दीडपटीलाही सुधारा. पुढे ड्रम असतील तर डिस्क, आणि सर्व्हो (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) लावत असाल तर त्याला इनटेकमधून व्हॅक्यूम मिळतोय का ते बघा. टर्बो इंजिनात बूस्ट चालू असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम नसतो, तिथे एकदिशा व्हॉल्व्ह लागतोच.

कागदपत्रांचं: इंजिन नंबर, क्षमता आणि प्रदूषण याबद्दल तुमच्याकडे नोंदणीचे नियम काय आहेत ते इंजिन विकत घेण्याआधी लेखी विचारून घ्या. गाडी दुर्मीळ असेल, मूळ इंजिन नंबरासकट शाबूत असेल, तर मी हे काम करूच नका म्हणेन. नसेल तरी बॉडीचा कापाकाप कमीत कमी ठेवा आणि मूळ इंजिन ऑइल घालून, तोंडं बंद करून जपा.

पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसतं स्टार्टरने फिरवा, थांबून थांबून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मग पंप चालू करून पेट्रोलचा प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून बघा. त्यानंतर कनेक्टर लावा. गॅरेजचं दार उघडं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना कधीच खाली शिरू नका, घोडे (गाडी उचलून धरणारे पक्के स्टँड) लावल्याशिवाय नाही.

क्रॉस मेंबर आणि स्टिअरिंगची मापं, आणि गाडीखालून काढलेला एक फोटो इथे टाकलात, तर पुढे खोल चेंबरवालं इंजिन बघायचं की मागे, हे मी सांगू शकेन.