‘मी इथली नाही, आणि आता तिकडचीही राहिले नाही’

मी समुपदेशक आहे. पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींकडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की समोरच्याने अर्धं वाक्य बोलताच उरलेलं मला कळतं. ‘मॅडम, मी इथली वाटतच नाही.’ कुणी नंदुरबारहून आलेलं असतं, कुणी गडचिरोलीहून, कुणी बीडच्या ऊसतोड कामगाराच्या घरातून. बहुतेक जण घरातले पहिलेच पदवीपर्यंत पोचलेले. हल्ली काही जण निदानही सोबत घेऊन येतात, ‘मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे.’ म्हणजे आपण इथल्या लायकीचे नाही, चुकून आलो, ही सतत खात असलेली शंका. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये ही कल्पना मांडली, तीही कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून. मला मात्र या लेबलाची घाई नको वाटते. शंका मुलाच्या मनातच उगवली, असं त्यात धरून चाललं जातं. बऱ्याचदा ती बाहेरच्यांनी पेरलेली असते.

हिंगोली जिल्ह्यातली एक मुलगी माझ्याकडे यायची. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एकही केटी, म्हणजे मागे राहिलेला विषय, नाही, पण वर्गात तोंड उघडायची नाही. मेसला मुद्दाम उशिरा जायची, म्हणजे रिकामं टेबल मिळतं. हॉस्टेलवर आल्या आल्या रूममेटने विचारलं होतं, ‘सीईटीला पर्सेंटाइल किती?’ आकडा ऐकून ती नुसतं ‘अच्छा’ म्हणाली होती.

‘तिने जात विचारली का?’ मी म्हटलं.

‘नाही. पण तेच विचारलं की.’

तिचं बरोबर होतं. आकडा कमी निघाला की राखीव जागेवरून आली, असं समोरचा लगेच धरतो. अशा वेळी ‘तू फार विचार करतेस’ म्हणणारा समुपदेशक मुलीला आणखी एकटं पाडतो. आयआयटी मुंबईने 2023 मध्ये विद्यार्थ्यांना एकमेकांना जेईईचा रँक विचारू नका असं सांगितलं, ते काही उगाच नाही.

गावाकडेही धड नव्हतं. दिवाळीत गेली की मैत्रिणी म्हणायच्या, ‘बाई आता पुण्याची झाली.’ चुलती विचारायची, एवढं शिकून करणार काय. ‘मला असं वाटायलंय मॅडम, मी मधीच लटकलेय.’ आत्मविश्वास वाढवण्याचे उपाय तिने करून पाहिले होते, आरशासमोर बोलण्यापर्यंत. इंग्रजी सुधारलं, बाकी काही हललं नाही.

मग जुलैत एकदा बोलता बोलता तिचा फोन वाजला. ‘दोन मिनिटं, मॅडम,’ म्हणून तिने तो माझ्यासमोरच घेतला. गावातला मुलगा होता, कॅप राउंडचा, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेरीचा, फॉर्म भरत होता.

‘अरे, पहिल्या नंबरला तेच टाक जे खरंच पाहिजे. पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं लागलं तर घ्यावंच लागतंय, मग पुढं चान्स नाही. जातीची व्हॅलिडिटी आली का? नुसती पावतीच हाय? झेरॉक्स काढून ठेव. आणि तुझ्या बापाला सांग, उत्पन्नाच्या दाखल्याला आजच सेतूत जा म्हणावं.’

खुर्चीच्या कडेला बसणारी मुलगी पाठ टेकून बसली होती. आवाज चढला होता, हात चालत होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, ‘ही कोण बोलत होती?’

‘मीच की.’ आणि हसली.

‘असे फोन किती येतात?’

‘मोजले नाहीत. ह्या दिवसांत लई येतात. आमच्याकडं कुणाला ठाऊकच नसतं ना.’

‘मग गाव तुला परकं कसं म्हणतं?’

ती बराच वेळ गप्प होती. मीही बोलले नाही. अशा शांततेत तोंड बंद ठेवणं मला इतक्या वर्षांत चांगलं जमायला लागलं आहे. मग ती म्हणाली, ‘म्हणजे चुलतीनं मानलं तरच मी गावची, असं मीच धरून बसले होते.’

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांवर वाढलेली. माणसाला आपण इथले आहोत असं वाटतं ते दुसऱ्यांनी पसंती दिल्यामुळे कमी, आणि त्या ठिकाणच्या जगण्यात आपला हात लागल्यामुळे जास्त, हे त्याचं सांगणं मला रोज पटतं. आपली मुलं मात्र पसंतीची वाट बघत कोपऱ्यात बसतात आणि वाट बघता बघता सेमिस्टर संपतं.

पुढे तिने हॉस्टेलवर पहिल्या वर्षाच्या मुलींचे महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे, फॉर्म तपासून द्यायला सुरुवात केली. एका रात्री ती ‘अच्छा’वाली रूममेटही आली. तिचा राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन, म्हणजे दुरुस्तीला परत येऊन, पडला होता. दोघी मिळून बसल्या. मैत्री वगैरे झाली नाही, पण मेसचं टेबल आता रिकामं शोधावं लागत नाही.

तरी एक गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगितली. फॉर्म भरून दिलेस म्हणून तू इथली झालेली नाहीस. जागा तुझ्या हक्काचीच होती. कामाने ती तुला दिसायला लागली, इतकंच.

संस्थांनाही सांगायचं आहे. शाहू महाराजांनी 1902 मध्ये कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, पण वसतिगृहं उभारायला त्यांनी 1901 मध्येच सुरुवात केली होती. शिकायला आलेल्या पोराला नुसतं दार उघडून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आपण प्रवेशाच्या यादीपाशीच थांबतो. शिक्षकांनी प्रोजेक्टचे ग्रुप स्वतः पाडावेत. मुलांवर सोडले की तीच मुलं उरतात. आईवडिलांनी फोनवर ‘जेवलीस का, मार्क किती’ यापुढे जाऊन ‘आज कुणाशी बोललीस’ हेही विचारावं.

उघड अपमान, जातीवरून टोमणे, बोलीची नक्कल होत असेल तर माझ्याकडे येऊन मन खंबीर करत बसू नका. तारीख-वार लिहून ठेवा आणि कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार द्या. आणि झोप-भूक उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल तर कुणाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.